सुपरफ्लेक्स डायनॅस्टी लीग: एका हंगामाच्या बार्कलीसाठी दोन फर्स्ट द्यावेत का?

शततारका

एनएफएलवरच्या (अमेरिकन फुटबॉलच्या) एका फॅण्टसी लीगमध्ये माझं हे दुसरं वर्ष. खरे खेळाडू आपल्या टीममध्ये घ्यायचे आणि मैदानावरच्या त्यांच्या कामगिरीचे गुण आपल्याला, असा हा खेळ. आता जुलै 2025. शुक्रवारपर्यंत एका ट्रेडला (अदलाबदलीला) हो किंवा नाही कळवायचं आहे. तीन रात्री वही घेऊन बसते आहे, आकडे मांडते आणि खोडते. जाणकारांनी लक्ष घालावं ही विनंती.

लीग साधी नाही, म्हणून आधी नियम सांगते. बारा मालक. डायनॅस्टी, म्हणजे खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडेच राहतात. सुपरफ्लेक्स आहे, म्हणजे एक क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) लावावाच लागतो आणि सुपरफ्लेक्सच्या जागेवर दुसराही लावता येतो. पासिंग टचडाउनला 4 गुण, 25 पासिंग यार्डांना 1. प्रत्येक झेलाला 1 गुण, पण टाइट एंडच्या (झेल घेणारा आणि अडवणूकही करणारा खेळाडू) झेलाला दीड. बचावातले तीन खेळाडूही दर आठवड्याला उतरवायचे. या सगळ्यावर पुन्हा करार आणि पगार. प्रत्येक टीमला 300 डॉलरची कॅप, म्हणजे एकूण पगाराची मर्यादा (खेळातले डॉलर, खरे नव्हेत). लिलावात घेतलेल्या खेळाडूशी एक ते चार वर्षांचा करार करायचा. मध्येच सोडला तर या वर्षाचा निम्मा आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा पाव पगार आपल्या कॅपवर बसतो. रुकी ड्राफ्टमधल्या (नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पहिल्या फेरीच्या खेळाडूंना मात्र 6 ते 14 डॉलर पगार, तीन वर्षं ठरलेला.

माझी टीम: क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स, रिसीव्हर (झेल घेणारे) पुका नाकुआ आणि गॅरेट विल्सन, टाइट एंड ट्रे मॅकब्राइड. इथपर्यंत मी खूश आहे. डॅनियल्सला मी गेल्या वर्षी रुकी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि तो थेट ऑफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर झाला. पण रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) सगळे अर्धवेळ. आणि दुसरा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स. 2024 मध्ये फाल्कन्सनी त्याला 18 कोटी डॉलरचा करार दिला, तेव्हा मला वाटलं की याची जागा तर पक्की. मी 24 डॉलर आणि तीन वर्षं लावली. डिसेंबरात त्याच्या जागी मायकेल पेनिक्स आला. करार माझ्याकडे अजून दोन वर्षं आहे. ती चूक सर्वस्वी माझी.

गेल्या हंगामात मी 5-9 राहिले (पाच जय, नऊ पराजय). आता समोरून प्रस्ताव आला आहे: ईगल्सचा रनिंग बॅक सेक्वॉन बार्कली, पगार 61 डॉलर, करार फक्त 2025 पुरता. बदल्यात माझे 2026 आणि 2027 चे दोन्ही फर्स्ट, म्हणजे रुकी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले पिक (निवडीचे हक्क). माझ्याकडे 38 डॉलर शिल्लक आहेत. कझिन्सला सोडलं तरी 50 होतात, म्हणजे आणखी कुणाला तरी काढावं लागेल.

मन हो म्हणतं. 2024 मध्ये 2,005 यार्ड धावला! नोव्हेंबरात जग्वार्सविरुद्ध पाठमोरी उडी मारून त्याने तो बचावपटू ओलांडला, ती उडी मी किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. असा खेळाडू आपल्या टीममध्ये असावा असं कुणाला वाटणार नाही? पण वही वेगळं काहीतरी सांगते आहे आणि मला ते नीट वाचता येत नाही.

---

चौथा_डाउन

शततारका, नियम पूर्ण लिहिलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त दोन नावं टाकून कोण चांगला एवढंच विचारतात. अशा लीगमध्ये त्या प्रश्नाला उत्तरच नसतं.

मी नऊ वर्षं एका करारवाल्या लीगचा कमिशनर आहे. दोनदा जिंकलो, आणि एकदा अगदी असाच ट्रेड करून दोन वर्षं तळाला बसलो. तेव्हा हे पोटतिडकीनं लिहितो आहे.

आधी बार्कली. 2024 मध्ये नियमित हंगामात 345 वेळा चेंडू घेऊन धावला, प्लेऑफ धरून 436 वेळा. एका हंगामात 2,000 यार्ड ओलांडणारा तो नववा. आधीच्या आठांपैकी एकालाही ते दुसऱ्यांदा जमलेलं नाही. टेरेल डेव्हिस 1998 मध्ये 2,008 धावला आणि पुढच्या वर्षी चौथ्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. ख्रिस जॉन्सन 2,006 वरून 1,364 वर आला, जमाल लुईस 2,066 वरून 1,006 वर. डेरिक हेन्री 2020 नंतरच्या वर्षी आठच सामने खेळला. यातून बार्कली यंदा कोसळेल असं मी म्हणत नाही. जॉन्सनचे 1,364 यार्डही कुठल्याही टीमला हवेच असतील. पण तुमच्याकडून किंमत मागितली जाते आहे ती 2,005 यार्डांची, आणि मिळणार आहे ते त्यानंतरचं वर्ष.

दुसरं, आणि माझ्या मते खरं कारण करारात आहे. करार 2025 पुरता. जानेवारीत तो तुमच्या हातून जाणार आणि लिलावात पुन्हा सगळ्यांसाठी खुला होणार. म्हणजे दोन फर्स्ट देऊन तुम्ही बार्कली विकत घेत नाही आहात, चार महिन्यांसाठी भाड्याने घेता आहात. साध्या डायनॅस्टीत हा ट्रेड निदान वादाचा झाला असता. करारवाल्या लीगमध्ये फर्स्ट म्हणजे नुसता एक तरुण खेळाडू नसतो, तो तीन वर्षं 6 ते 14 डॉलरमध्ये मिळतो. 61 डॉलर म्हणजे तुमच्या कॅपचा पाचवा हिस्सा. नाकुआ 2023 मध्ये एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत, 177 वा निवडला गेला होता आणि पहिल्याच वर्षी त्याने 105 झेल घेऊन 1,486 यार्ड काढले. असा खेळाडू दहा डॉलरच्या आत असला की उरलेल्या टीमवर खर्च करायला पैसा राहतो. समोरच्या मालकाला हे ठाऊक आहे, म्हणून तर तो संपत आलेला करार आत्ता, जुलैत, खपवतो आहे.

तिसरं. तुम्हाला रनिंग बॅकची चिंता आहे. मला तुमच्या दुसऱ्या क्वार्टरबॅकची आहे. एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक उतरवणाऱ्या टीम 32. तुम्ही बारा जण प्रत्येकी दोन लावता म्हणजे 24 गेले. प्रत्येकाने एक राखीव ठेवला की 36, आणि तेवढे अस्तित्वातच नाहीत. तुमच्या लीगमध्ये टंचाई इथे आहे. 225 यार्ड आणि एक टचडाउन ही काही मोठी कामगिरी नव्हे, पण तुमच्या नियमांनी त्याचे 13 गुण होतात. तेवढ्यासाठी रिसीव्हरला पाच झेल आणि 80 यार्ड लागतात. तुमचा चौथा रिसीव्हर दर रविवारी तेवढं देतो का? सुपरफ्लेक्सच्या जागेवर रिसीव्हर लावणारी टीम दर आठवड्याला चार-पाच गुण मागे पडून सुरुवात करते.

आता मला दोन गोष्टी सांगा. एक, गेल्या हंगामातला तुमचा ऑल-प्ले हिशोब. दर आठवड्याचे तुमचे गुण बाकीच्या अकराही जणांच्या गुणांशी ताडून पाहायचे आणि जय-पराजय मोजायचे. 5-9 हा आकडा वेळापत्रकावरही अवलंबून असतो, हा नसतो. दोन, बार्कलीच्या मालकाकडे क्वार्टरबॅक किती आहेत?

---

उत्तरायण

मी उलट बाजूने बोलतो. वयाचा आणि धावांचा बाऊ फार होतो. वर चौथा_डाउन यांनी हेन्रीचं 2021 सांगितलं, पण 2024 सांगितलं नाही. रेव्हन्सकडे गेला आणि तिशीत 1,921 यार्ड धावला, 16 रशिंग टचडाउन. त्या वर्षी ज्यांनी त्याला म्हातारा म्हणून स्वस्तात विकलं त्यांना विचारा. बार्कली 28 चा आहे आणि त्याच्यापुढची ईगल्सची ऑफेन्सिव्ह लाइन एनएफएलमधल्या सर्वोत्तम लाइनींपैकी एक आहे.

दुसरं असं की पिक म्हणजे आशा. ज्या फर्स्टमधून डॅनियल्ससारखा खेळाडू निघतो, त्याच फर्स्टमधून दोन वर्षांत रोस्टरबाहेर जाणारेही निघतात. त्यांची नावं कुणी लक्षात ठेवत नाही. डॅनियल्स, नाकुआ, मॅकब्राइड हे तिघे आज चांगले आहेत, स्वस्तही असतील. त्यांचे करार संपले की हीच टीम महाग होईल. जिंकण्याची वेळ आत्ता आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

दोन फर्स्ट जास्त आहेत हे मान्य. एक द्या.

---

शततारका

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री ऑल-प्ले काढला. चौदा आठवडे, दर आठवड्याला अकरा जणांशी तुलना, म्हणजे 154. माझे आले 71 जय, 83 पराजय. एकूण गुणांत मी सातवी होते, आणि माझ्याविरुद्ध सगळ्यात जास्त गुण झाले होते. म्हणजे 5-9 वरून दिसते तितकी वाईट नव्हते, पण चांगलीही नव्हते. मधोमध.

हे कळल्यावर वाईट वाटलं. 5-9 म्हटल्यावर नव्याने उभी करायची टीम असं मी धरून चालले होते, आणि बार्कली आला की जिंकणारी टीम होईल असंही. दोन्ही एकाच वेळी मनात होतं, हे आत्ता लिहिताना दिसतं आहे.

मॅकब्राइडचाही हिशोब केला. 2024 मध्ये 111 झेल. झेलामागे अर्धा गुण जास्त म्हणजे 55.5 गुण नुसत्या नियमामुळे. तो 16 सामने खेळला, म्हणजे सामन्यामागे जवळपास साडेतीन. समोरच्या टीमचा टाइट एंड तीन झेलांचा असेल तर त्या एका जागेवर मी आधीच पुढे असते. हे मला गेलं वर्षभर दिसलंच नव्हतं. आता मी त्याच्या कराराला हात लावणार नाही.

बार्कलीच्या मालकाकडे चार क्वार्टरबॅक आहेत. त्यातला जीनो स्मिथ बहुधा बेंचवरच राहील. पगार 9 डॉलर, करार 2026 पर्यंत.

---

चौथा_डाउन

मग तुमचा ट्रेड जीनोचा आहे, बार्कलीचा नाही.

मार्च 2025 मध्ये तो रेडर्सकडे गेला, तिथे पहिला क्वार्टरबॅक तोच. ऑक्टोबरात 35 चा होईल म्हणून डायनॅस्टीवाले नाक मुरडतात, आणि तेच तुमच्या फायद्याचं आहे. या वयाच्या, या प्रतिष्ठेच्या क्वार्टरबॅकला सुपरफ्लेक्समध्येही नेहमी कमी भाव मिळतो. बेकर मेफील्डला डिसेंबर 2022 मध्ये पँथर्सनी सोडून दिलं होतं, 2024 मध्ये त्याने 4,500 यार्ड आणि 41 टचडाउन फेकले. त्याच वर्षी सॅम डार्नल्डने व्हायकिंग्जसाठी 35. वर्षभर आधी हे दोघे शेवटच्या फेऱ्यांच्या पिकमध्ये मिळत होते. जीनोचं तसं होईलच असं नाही. पण 9 डॉलरमध्ये 13 गुणांची जागा भरली की 24 डॉलरची चूक निस्तरायला वेळ मिळतो.

कझिन्सला आत्ता सोडू नका. तुमच्या नियमात दंड पहिल्या आठवड्यापर्यंत तेवढाच राहणार असेल तर घाई कशाला? ऑगस्टच्या सरावात कुठल्या ना कुठल्या टीमचा क्वार्टरबॅक जायबंदी होतोच. 2023 मध्ये तर एरन रॉजर्स जेट्सकडून हंगामाच्या पहिल्या सामन्यात, सप्टेंबरमध्ये, चौथ्याच स्नॅपला (चौथ्याच डावपेचाला) पडला होता. कझिन्स दुसरीकडे गेला तर तुम्हाला गिऱ्हाईक मिळेल. नाही गेला तर सप्टेंबरच्या तोंडावर सोडा, 12 आणि 6 भरा, विषय संपवा.

बोलणी करताना एक सांभाळा. जीनो हवा आहे याचा ताकास तूर लागू देऊ नका. आधी बार्कलीला नकार द्या, एक दिवस जाऊ द्या, मग सेकंड (दुसऱ्या फेरीचा) पिक पुढे करून सहज विचारा.

आणि उत्तरायण, तुमचा मुद्दा मला पटतो, फक्त वेळ पटत नाही. शततारका यांची टीम नवव्या आठवड्यापर्यंत 6-3 असेल तर मीच त्यांना सांगेन की फर्स्ट द्या आणि मोठा रनिंग बॅक आणा. तेव्हा तो स्वस्तही मिळेल, कारण हरत असलेल्या मालकाच्या हातात संपत आलेला करार म्हणजे वितळणारा बर्फ. ट्रेडची मुदत जवळ आली की दोन फर्स्ट मागणारे सेकंडवर येतात. मीच तसा विकला आहे.

---

हिरवा_ठिपका

मी फक्त बचावाबद्दल लिहिते, कारण वर कुणी त्याला हात लावला नाही आणि गुंतागुंतीच्या लीगमध्ये सगळ्यात स्वस्त गुण तिथेच पडलेले असतात.

सॅकच्या (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडण्याच्या) मागे पैसा घालू नका. 2024 मध्ये ट्रे हेंड्रिक्सनने सर्वाधिक 17.5 सॅक घेतले, पण ते सतरा सामन्यांत सारखे वाटून येत नाहीत. एका रविवारी डोंगर, पुढच्या रविवारी शून्य. टॅकल (चेंडू घेतलेल्याला पाडणं) दर आठवड्याला येतात, म्हणून मैदान न सोडणारे लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतले) शोधा. ज्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो, त्याच्या कानात प्रशिक्षकाचा रेडिओ असतो. बचावाची हाक तो देतो, म्हणून तो सहसा बाहेर येत नाही. माझं टोपणनाव त्यावरूनच आहे. कुठल्या टीमचा ठिपका कुणाकडे, हे ऑगस्टमध्ये पत्रकारांच्या सरावाच्या बातम्यांतून कळतं, आणि तेव्हा तुमच्या लीगमधले बाकीचे मालक रिसीव्हरबद्दल वाचत बसलेले असतात.

उदाहरण झॅक बॉन. सेंट्सकडे असताना तो मुख्यतः स्पेशल टीमवर (किकच्या वेळी उतरणाऱ्या तुकडीत) दिसायचा. 2024 मध्ये ईगल्सनी त्याला आतला लाइनबॅकर केलं आणि 151 टॅकल, ऑल-प्रो (वर्षाच्या सर्वोत्तम संघात निवड). आमच्या लीगमध्ये तो दुसऱ्या आठवड्यात वेव्हरवर (कुणाकडेच नसलेल्या खेळाडूंच्या बोलीत) 3 डॉलरला गेला. मी नेला नाही, ही खंत अजून आहे. तेव्हापासून खेळाडूचं नाव पाहण्याआधी त्याची जागा बदलली का आणि स्नॅप किती, हे पाहते.

वेव्हरची गंगाजळी पहिल्या तीन आठवड्यांत संपवू नका. बाय (एनएफएल टीमचे सुट्टीचे आठवडे) पाचव्या ते चौदाव्या आठवड्यात येतात, तेव्हा खिशात काहीतरी हवं. आणि बोली 20 ची लावायची वाटली तर 21 लावा. गोल आकडा सगळ्यांनाच सुचतो.

अजून एक. तुमच्या लीगमध्ये ट्रॅव्हिस हंटर कुणाकडे आहे? जग्वार्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, आणि तो रिसीव्हरही खेळणार, बचावातला कॉर्नरबॅकही. त्याचे दोन्हीकडचे गुण एकाच जागेत धरायचे की नाही, हे कमिशनरकडून हंगामाआधी लेखी घ्या. ऑक्टोबरमध्ये यावरून भांडण झालं तर मैत्र्या तुटतील.

---

शततारका

कळवायचं राहिलं होतं. गुरुवारी बार्कलीला नकार दिला. लिहून पाठवताना हात थबकला होता, खोटं कशाला सांगू. शनिवारी जीनोबद्दल विचारलं. त्याने आधी फर्स्ट मागितला. मी म्हटलं, 2026 चा सेकंड, बस. दोन दिवस उत्तर नाही. तेव्हा रात्री झोप लागली नाही, कारण दुसरा क्वार्टरबॅक नसेल तर काय होतं हे मला आता पुरतं कळलेलं होतं, आणि हे कळलेलं त्याला कळू द्यायचं नव्हतं. सोमवारी तो म्हणाला, सेकंडसोबत 2027 चा थर्ड दे. दिला.

आता कॅपमध्ये 29 डॉलर उरले. दोन्ही फर्स्ट माझ्याकडे आहेत. कझिन्स ऑगस्टअखेरपर्यंत आहे तिथेच. लिलावात रनिंग बॅकवर 15 च्या वर जाणार नाही, एकाच वर्षाचे करार करेन, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

हंटरचं कमिशनरला विचारलं. त्यांनी ते मतदानाला टाकलं आहे आणि आत्तापर्यंत पाच विरुद्ध चार आहेत. माझं मत अजून दिलेलं नाही. तो ज्याच्याकडे आहे त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात माझा सामना आहे, म्हणून मी मत द्यावं की तटस्थ राहावं हे ठरत नाहीये. हिरवा_ठिपका, तुमच्या लीगमध्ये असं झालं तर मालक काय करतात? आणि सरावाच्या बातम्या यायला लागल्या की ठिपक्यांची यादी इथे टाकाल का? माझ्याकडे तिसऱ्या लाइनबॅकरची जागा रिकामी आहे.